थेंब डोळ्यात, धाप छातीत

गेल्या महिन्यात आईला घेऊन सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब वाढलाय, पण वेळेवर आलात, थेंबांवर भागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. तरुण होत्या, बोलायला मऊ. चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहिता लिहिता त्यांनी पेन थांबवून विचारलं, "आजी, दम्याचा त्रास आहे का तुम्हाला? कधी धाप लागते, छातीत शिट्टी वाजते, असं काही?" आई लगेच म्हणाली, "छे हो. मला तसलं काही नाही." तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेला निळा पंप होता. "आहे डॉक्टर, लहानपणापासून आहे," मी म्हटलं. डॉक्टरांनी लिहिलेलं नाव खोडलं, दुसरं लिहिलं, आणि चिठ्ठीच्या डोक्यावर लाल पेनाने 'दमा' लिहून त्याखाली रेघ ओढली. ती रेघ आईला लागली. एसटीत बसल्यावर आष्टा येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मग बाहेरच्या उसाच्या गाड्यांकडे बघत म्हणाली, "डोळे दाखवायला गेलो होतो ना आपण? मग छातीचं कशाला काढलंस?"

डोळ्याचा आणि छातीचा संबंध काय, हा तिचा प्रश्न तसा रास्त होता.

काचबिंदूच्या थेंबांत टिमोलॉल नावाचं एक जुनं, स्वस्त आणि गुणकारी औषध आहे. डोळ्यात घातलेला थेंब सगळाच्या सगळा डोळ्यात राहत नाही. नाकाजवळच्या कोपऱ्यातून तो अश्रूंच्या वाटेने नाकात उतरतो, नाकाच्या ओल्या अस्तरातून थेट रक्तात जातो. तोंडाने घेतलेली गोळी आधी यकृताच्या तावडीतून जाते, तिथे तिचा बराचसा भाग निकामी होतो. थेंबाला ती चौकी लागतच नाही. म्हणून तर थेंब घातल्यावर डोळा मिटून तो कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरायला सांगतात. धडधाकट माणसाच्या छातीला या एवढ्याशा औषधाने काही फरक पडत नाही. दमेकऱ्याची छाती मात्र तेवढ्याने बंद पडू शकते. डोळ्यातल्या थेंबाने माणसं दगावल्याच्याही नोंदी आहेत. डॉक्टरांचा प्रश्न हा असा होता, आणि आईने तो स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारल्यासारखा उडवून लावला होता. ते "छे हो" माझ्या डोक्यातून जाईना. थेंबाचं गणित मला ठाऊक होतं, तेच शिकवण्यात माझी नोकरी गेली. पण इतक्या वर्षांनंतर, सत्तरी उलटलेल्या बाईला, एका अनोळखी पोरीसमोर हे लपवावंसं का वाटावं?

मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. आमच्या शिकण्याच्या काळात प्रयोगशाळेत गिनिपिगची श्वासनलिका असायची. तिच्या बारीक कड्या कापायच्या, त्या दोऱ्याने एकाखाली एक बांधून साखळी करायची. साखळी कोमट क्षारद्रावात टांगलेली, खालून बुडबुडे सोडलेले, वरचा दोरा तरफेला बांधलेला आणि तरफेचं टोक काजळी धरलेल्या, संथ फिरणाऱ्या ड्रमला टेकलेलं. काजळी धरायला ड्रम रॉकेलच्या ज्योतीवर फिरवायचा; तो वास केसांतून दोन दिवस जात नसे. द्रावात अ‍ॅसिटिलकोलिन सोडलं की काळ्यावर पांढरी रेघ चढू लागे. आतड्याचा तुकडा झटक्यात आखडतो, श्वासनलिका सावकाश आखडते. मग अ‍ॅड्रिनलिन सोडायचं. रेघ उतरू लागे, चढली त्याहूनही सावकाश. आम्ही मुली स्टुलावर बसून तिची वाट बघायचो. आधी त्याचं काम अडवणारं प्रोप्रानोलॉल घालून ठेवलं असेल तर तेवढंच अ‍ॅड्रिनलिन सोडूनही रेघ वरच. कागद व्हार्निशमध्ये बुडवून वाळत घालायचा, वहीत निष्कर्ष लिहायचा आणि घरी जायचं. घरी आई ओट्याला दोन्ही हात टेकून उभी असायची, खांदे कानांकडे उचललेले, दर श्वासाला गळ्याची खळगी आत ओढली जात असलेली. एका संध्याकाळी, केसांना तो काजळीचा वास असतानाच, माझ्या लक्षात आलं की दुपारभर मी ज्या रेघेकडे बघत बसले होते ती हीच. आता हे प्रयोग संगणकावर होतात. प्राणी वाचले, हे चांगलंच झालं. पण पडद्यावर बटण दाबताच रेघ खाली येते, आणि खऱ्या श्वासनलिकेला मोकळं व्हायला किती वेळ लागतो ते माझ्या विद्यार्थ्यांना बघायला मिळत नाही, याची मला हळहळ वाटते.

श्वासनलिकांचे स्नायू आपल्या हुकमात नसतात. ते ज्या मज्जासंस्थेच्या ताब्यात असतात तिला स्वायत्त म्हणतात, कारण ती आपल्याला न विचारता चालते: बुबुळामधली बाहुली, तोंडातली लाळ, हृदयाचे ठोके, आतड्याची चाल, सगळं तिच्याकडे. मेंदूच्या तळापासून व्हेगस नावाची लांबच लांब नस छातीत आणि पोटात उतरते, तिच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलिन झिरपतं आणि श्वासनलिका आवळतात. ही आवळण्याची बाजू. मोकळं करण्याची बाजू अ‍ॅड्रिनलिनची. पेशीवर ज्या जागी ही रसायनं येऊन लागतात ते रिसेप्टर. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे रेमंड अहलक्विस्ट यांनी १९४८ साली मांडलं की अ‍ॅड्रिनलिनचे रिसेप्टर एका जातीचे नाहीत, अल्फा आणि बीटा अशा दोन जाती आहेत. एका नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला होता, दुसऱ्याने छापला. त्या लेखाच्या आधारावर जेम्स ब्लॅक यांनी बीटा बंद करणारं प्रोप्रानोलॉल घडवलं, हृदयविकाराच्या लाखो रुग्णांना आधार मिळाला, आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळालं. दमेकऱ्यांना ते औषध घातक आहे, हे १९६४ सालीच ध्यानात आलं होतं. काचबिंदूच्या थेंबांतलं टिमोलॉल याच जातीचं. पुढे बीटाचेही दोन प्रकार कळले: पहिला मुख्यतः हृदयाचा, दुसरा श्वासनलिकांचा.

यात एक गोष्ट मला दरवर्षी वर्गात सांगताना थांबवते. माणसाच्या श्वासनलिकांच्या स्नायूंवर बीटा-दोन रिसेप्टर खच्चून भरलेले असतात, पण त्यांच्यापर्यंत अ‍ॅड्रिनलिनच्या बाजूची नस जवळजवळ पोचतच नाही. आवळणारी नस स्नायूच्या अंगाशी येऊन बसलेली, आणि मोकळं करणाऱ्याला यायचं तर रक्तातून, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून, लांबून यावं लागतं. जे येईल त्यावर भागवायचं. धडधाकट माणसाला त्याची गरजच फारशी पडत नाही. म्हणून त्याचे बीटा बंद केले तरी त्याचं अडत नाही. दमेकरी मात्र त्या थोड्याशा अ‍ॅड्रिनलिनच्या आधारावर दिवस काढत असतो, त्याचं त्यालाही माहीत नसतं. तो आधार काढून घेतला की व्हेगसला मोकळं रान. प्रोप्रानोलॉल द्यायच्या आधी अ‍ॅट्रोपिनच्या जातीचं औषध देऊन व्हेगसची वाट अडवली तर तो झटका बराचसा टळतो, हे तपासून पाहिलेलं आहे. धोतऱ्यात असतं तेच अ‍ॅट्रोपिन. श्रावणात महादेवाला वाहतो तो धोतरा. माझे आजोबा, आईचे वडील, त्याची वाळलेली पानं चिलमीत घालून ओढायचे आणि मग त्यांना अर्धा दिवस अक्षर दिसायचं नाही, तोंडाला कोरड पडायची. आई सांगते, बापूंचे डोळे तेव्हा काळेभोर दिसायचे. बाहुल्या फाकलेल्या असणार. विषाचंच झाड ते, कुणी नादी लागू नये. त्याच्यावरूनच पुढे पंपातून घ्यायची सुरक्षित औषधं निघाली.

आमच्या घरातल्या रात्री मला वासाने आठवतात. उसाच्या हंगामात गावाबाहेर पाचट पेटवायचे, सकाळी अंगणात काळी राख पडलेली असायची आणि गुऱ्हाळाचा गोड धूर खिडकीतून आत यायचा. आम्हा पोरांना तो धूर म्हणजे काकवी आणि गरम गूळ. आईला तो धूर म्हणजे रात्र. पहाटे तीन-चारच्या सुमाराला तिच्या उठण्याने मला जाग यायची. ती दिवा लावायची नाही. भिंतीला उशी लावून, गुडघे पोटाशी घेऊन, पुढे झुकून बसायची, आणि अंधारात मांजर गुरगुरावं तसा नव्हे, त्याहून उंच, दोन-तीन सुरांत एकदम वाजणारा तिचा श्वास ऐकू यायचा. सोडताना लांब, घेताना तुटक. दादा, म्हणजे आमचे वडील, उठून चूल पेटवायचे नाहीत, कारण पुन्हा धूर. स्टोव्हवर कोरा चहा करून आणायचे. तिच्या पाठीवर हात ठेवून बसायचे. बोलायचे नाहीत, कारण उत्तर द्यायलाही तिला श्वास लागायचा. अंथरुणात पडून मी तिचे श्वास मोजायचे आणि एखादा लांबला की माझाच श्वास थांबायचा. उजाडता उजाडता ते सूर विरत जायचे. सात वाजता आई पोळ्या लाटत असायची, जणू काही झालंच नाही.

हे पहाटेचंच का, याचं उत्तर मला कॉलेजात मिळालं आणि तेव्हा फार बरं वाटलं, कारण आजी, दादांची आई, म्हणायची की ही रात्रीचं कसलंसं स्वप्न बघते आणि घाबरते. पहाटे चारच्या आसपास रक्तातलं अ‍ॅड्रिनलिन चोवीस तासांतल्या तळाला गेलेलं असतं. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, कॉर्टिसॉल, तेही त्याच्या थोडं आधीच तळ गाठून असतं. आणि व्हेगसचा जोर रात्रीच जास्त. लंडनच्या मार्गारेट टर्नर-वॉरविक यांनी १९८८ मध्ये ७,७२९ दमेकऱ्यांना विचारून पाहिलं, तर जवळपास तीन चतुर्थांश लोकांना आठवड्यातून निदान एकदा दम्याने रात्री जाग येत होती. कोजागरीला आपल्याकडे बऱ्याच गावांत दम्याचं औषध देतात, चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून, आणि अट असते ती रात्रभर जागायची. आईलाही एका वर्षी नेलं होतं. औषधाने काय झालं ते सांगता येत नाही, पण दमेकऱ्याला नेमकी ती रात्र जागवायची, हे ज्याने कुणी ठरवलं त्याने पहाटेच्या अंधारात माणसं गुदमरताना पाहिली असणार, असं मला वाटत आलंय. मृगाला मासा गिळायला हैदराबादला जाणारे लोकही आमच्या गल्लीतून होते. त्यांना मी हसत नाही. ज्याने एक पहाट तशी काढलीय तो कुठेही जाईल.

लपवण्याची गोष्ट मात्र त्याहून जुनी आहे. आईला बघायला पाहुणे आले ते ऐन थंडीत. आदल्या रात्री तिचा डोळा लागला नव्हता. मामाने तालुक्याहून एफेड्रिनची गोळी आणली होती, ती तिला सकाळी दिली, वर पुन्हा दुपारी दिली, म्हणजे पाहुण्यांसमोर शिट्टी वाजायला नको. छाती मोकळी झाली. पण एफेड्रिन हे अ‍ॅड्रिनलिनच्याच बाजूचं, सगळ्या अंगाला जाऊन लागणारं औषध. काळीज धडधडायला लागलं, तोंड कोरडं पडलं, आणि पोह्यांचं तबक हातात घेतल्यावर बशा एकमेकींवर आपटून वाजायला लागल्या. पाहुण्यांना वाटलं मुलगी लाजाळू आहे. दादांच्या आईला तेच आवडलं. दम्याचं कळलं ते लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात, आणि मग आजीने जे ऐकवायचं ते जन्मभर ऐकवलं. "फसवून गळ्यात मारली" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. आई त्यावर कधी बोलली नाही. एवढंच, की त्यानंतर ज्याला सांगावं लागणार नाही अशा कुणालाही तिने हे सांगितलं नाही. गावातल्या बायकांना 'सर्दीचा कोठा' म्हणून सांगायची. शाळेतल्या सहलीला आमच्यासोबत यायची नाही. देवळाच्या पायऱ्यांवर थांबून चपलेचा बंद नीट करायची, पुन्हा दहा पायऱ्यांवर पुन्हा बंद. मीही ते खरंच समजायचे.

आणि मग तो डोळ्यांचा प्रयोग. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आईच्या आयुष्यातलं कितीतरी एकदम एका जागी आलं.

झालं असं, की १९६८ मध्ये अँडोर सेंटिवानी या मूळच्या हंगेरियन शास्त्रज्ञाने एक मोठी कल्पना मांडली. डांग्या खोकल्याचे जिवाणू टोचलेले उंदीर हिस्टामिनला, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या रसायनाला, कमालीचे हळवे होतात, असं दिसलं होतं. त्यावरून आणि इतर बऱ्याच गोष्टींवरून ते म्हणाले, दमा हा नुसता अ‍ॅलर्जीचा आजार नाही. दमेकऱ्याचे बीटा रिसेप्टर मुळातच अर्धवट बंद असल्यासारखे वागतात, म्हणून इतरांना न बाधणारी धूळ, थंडी, वास त्याला बाधतात. मग अमेरिकेतल्या मायकेल कॅलिनर यांच्या गटाने ही कल्पना छातीच्या बाहेर नेऊन तपासली. त्यांनी पाहिली ती बाहुली. फिनाइलएफ्रिन नावाचं औषध अल्फा रिसेप्टरला लागून बाहुली उघडणारा स्नायू आवळतं, आणि बाहुली मोठी होते. दमेकऱ्यांच्या आणि निरोगी माणसांच्या डोळ्यांत त्याचे वाढत्या तीव्रतेचे थेंब घातले, तर दमेकऱ्यांच्या बाहुल्या कमी तीव्रतेलाच फाकल्या. हे १९७९ मध्ये छापून आलं. उलट बाजूने, अ‍ॅसिटिलकोलिनसारखं काम करणारं कार्बाकॉल घातलं, तर ॲलर्जीच्या दमेकऱ्यांच्या बाहुल्या कमी औषधातच बारीक झाल्या. मोकळं करणारा इशारा कमी लागतो, असं सेंटिवानी म्हणालेच होते; आवळणारे अंगाला जास्त लागतात, हे इथे दिसलं. छातीत नव्हे फक्त. डोळ्यातसुद्धा, जिथे ना धूळ साचलेली ना कफ.

नव्या सासुरवाशिणीची झोप अशी असते. माजघरात कुणी खाकरलं तरी ती उठून बसते, आणि माहेरची हाक वेशीपलीकडूनच विरून जाते. आईच्या पेशी तशा झोपत असाव्यात.

ही कल्पना पुढे जशीच्या तशी टिकली नाही, हेही सांगायला हवं. बीटा रिसेप्टर जन्मतःच दुबळे असतात असं नंतरच्या तपासात ठामपणे दिसलं नाही. १९७६ मध्येच इंग्लंडमधल्या संशोधकांनी दमेकऱ्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून दाखवलं होतं की त्यातला बराचसा दुबळेपणा औषधाने आलेला आहे: जे लोक श्वास मोकळा करणारी औषधं फार घेत होते त्यांच्याच पेशींनी प्रतिसाद देणं कमी केलं होतं. आवळण्याच्या बाजूबद्दल मात्र नवं काही कळलं. व्हेगसच्या टोकावरच एक लगाम असतो, मस्करिनिक-दोन नावाचा रिसेप्टर; पुरेसं अ‍ॅसिटिलकोलिन सुटलं की तोच नसेला थांबवतो. सर्दी-पडशाचे विषाणू आणि अ‍ॅलर्जीत गोळा होणाऱ्या पेशींमधलं एक प्रथिन हा लगाम निकामी करतात. हेही आधी गिनिपिगमध्येच दिसलं. साध्या सर्दीनंतर आईचे पंधरा दिवस का जायचे, आम्हा बाकीच्यांचं तीन दिवसांत सगळं आटपत असताना, त्याचं उत्तर निदान काही अंशी या लगामात आहे. 'मनाने घ्यायचं नाही' हे तिला आयुष्यभर सांगण्यात आलं. मनाचा भाग नसतोच असं मी म्हणत नाही. व्हेगस मेंदूतूनच निघते, आणि भांडणानंतर आईची छाती भरून यायची ते मी पाहिलंय. पण बाहुलीला कुणी मनाने घ्यायला सांगू शकत नाही.

आता पंपाचं. आमच्याकडे पंपाबद्दल एकच वाक्य चालतं, आणि तुमच्याकडेही तेच चालत असणार: "त्याची सवय लागते." याच वाक्यामुळे आईने पंप घेतला तो दादा गेल्यावर, साठीत. मी औषधशास्त्र शिकवते, माझं कुणी ऐकलं नाही. एका शेजाऱ्याच्या जावयाचं ऐकलं. या वाक्यात मला चीड आणणारी गोष्ट ही, की त्यात एक खरं बी आहे आणि ते चुकीच्या जमिनीत पेरलंय. निळा पंप म्हणजे साल्ब्युटामॉल, १९६९ मध्ये बाजारात आलेलं, बीटा-दोनला नेमकं जाऊन लागणारं. काही मिनिटांत श्वास मोकळा. लोक याला भीत नाहीत, कारण लगेच गुण येतो. भितात ते दुसऱ्याला, रोज घ्यायच्या स्टिरॉइडच्या पंपाला. वस्तुस्थिती उलटी आहे. निळ्या पंपाचा वारंवार मारा झाला की पेशी आपले बीटा रिसेप्टर आत ओढून घेते, त्यांची संख्या घटते, आणि दमा चेतवणाऱ्या गोष्टींपासून मिळणारं संरक्षण उणावतं. पंपातलं स्टिरॉइड आतली सूज तर उतरवतंच, शिवाय पेशीला नवे बीटा रिसेप्टर बनवायला लावतं. सवय मोडणारा पंप लोक टाकून देतात आणि सवय लावणारा उशाशी ठेवतात.

आईचंच बघा. पंप घ्यायला लागली तेव्हा दोन दाबांनंतर तिचा हात कापायचा. गोधडी शिवायला बसलेली असली तर सुईत दोरा जायचा नाही, माझ्याकडे द्यायची. हाताच्या स्नायूंवरही बीटा-दोन असतात, त्याचा हा कंप. गेल्या दिवाळीत ती मला कौतुकाने म्हणाली, "आता सरावलाय बघ हात, काही कापत नाही." सुई उजेडाला धरून तिने एका झटक्यात दोरा ओवून दाखवला. माझ्या पोटात गोळा आला. हाताचे रिसेप्टर छातीच्या आधी थकतात. तो न कापणारा हात मला सांगत होता की ही बाई मी समजत होते त्याहून कितीतरी जास्त वेळा, संडासात जाऊन, माळ्यावर जाऊन, पंप ओढतेय. कपाटात शोधल्यावर साड्यांच्या घडीत रिकामे डबे सापडले. स्टिरॉइडचा पंप सीलबंद होता.

हे घराघरातलं दुखणं देशांच्या पातळीवरही घडून गेलंय. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये आयसोप्रिनालिन या श्वास मोकळा करणाऱ्या औषधाचे जास्त ताकदीचे पंप निघाले आणि दम्याने मरणाऱ्यांचे, त्यातही तरुणांचे, आकडे एकाएकी वर गेले. इशारे दिल्यावर उतरले. न्यूझीलंडमध्ये १९७६ साली त्याच कामाचं फेनोटेरॉल आलं आणि तिथेही तसंच झालं; १९८९ मध्ये संशोधकांनी त्यावर बोट ठेवलं, औषधाचा वापर घटला, मृत्यू घटले. औषधाचा दोष किती आणि त्याच्या भरवशावर दवाखाना लांबवण्याचा दोष किती, यावर डॉक्टर बरीच वर्षं भांडले. मला दोन्ही खरं वाटतं, कारण दोन्ही मी आमच्या माजघरात बघितलंय. २०१९ मध्ये दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनीच सांगितलं, की नुसत्या निळ्या पंपावर मोठ्या किंवा किशोरवयीन कुणालाही ठेवू नका, सोबत स्टिरॉइड हवंच. पन्नास वर्षं लागली हे लिहायला. आमच्या तालुक्यातल्या औषधाच्या दुकानात निळा पंप अजून चिठ्ठीशिवाय मिळतो, डोकेदुखीच्या गोळीसारखा.

दिवाळीनंतर आई स्टिरॉइडचा पंप घेतेय, सकाळ-संध्याकाळ, आणि घेऊन झाल्यावर चूळ भरते. भांडून, रडून, शेवटी तिच्या नातीमुळे. भावाची मुलगी सातवीत आहे, खो-खो खेळते. धावताना तिला काही होत नाही, तेव्हा अ‍ॅड्रिनलिन भरपूर असतं. डाव संपून बसली की पाच-दहा मिनिटांनी खोकला सुरू होतो, आणि छातीला कान लावला तर ते जुने सूर. वहिनीने शाळेत 'थंडी सोसत नाही' असं सांगून तिला खेळातून काढायचं ठरवलं होतं. मी छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. आता खेळाच्या आधी ती ठरवून दिलेला पंप घेते, आणि पोरीला त्याची लाज नाही. अंगणात, शेजारच्या पोरांसमोर, डोळे मिटून ओढते. परवा ती तशी उभी असताना आई पडवीतून ओरडली, "आत जाऊन घे गं, चारचौघांत काय!" पोरगी हलली नाही. आई उठून अंगणात आली. "आणि आधी हलव तो नीट," ती म्हणाली, "न हलवता घेतेस, निम्मं औषध खालीच राहतं. श्वास सगळा सोड. आता दाब, आणि ओढ. धरून ठेव. धर, धर, मी सांगेपर्यंत."